दहा माणसांचा नवस

मिलकाबाई तेव्हा एकोणीस वर्षांची होती. लग्नाला चार महिने झाले होते आणि ती स्वयंपाकघराच्या दाराआड पोहे निवडत बसली होती, तेव्हा तिने ते भांडण ऐकलं. मुद्दाम ऐकलं असं नाही. बडोद्याच्या फतेगंजातल्या त्या दोन खोल्यांत एकाला शिंक आली तर दुसऱ्याने रुमाल काढावा, एवढंच अंतर.

बाहेर सासरे होते, एलोजी झिराडकर. सगळे त्यांना आप्पा म्हणत. रेल्वेत फिटर होते. त्यांच्यासमोर धाकटा दीर शालोम. माणसं मूळची अलिबागेकडची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात मराठी बोलायची, शनिवारी चूल पेटवायची नाही, आणि पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही, अशी ही मंडळी. आप्पांचे वडील महाराजांच्या राज्यात नोकरीला म्हणून आले आणि बडोद्याचेच होऊन गेले.

"आप्पा, तिथे आपलं राज्य झालंय," शालोम म्हणत होता. "पिढ्यान् पिढ्या आपण तिकडे तोंड करून प्रार्थना करतो. आता दार उघडलंय, तर जायचं नाही?"

"तोंड करायचं असतं. उठून जायचं असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलंय."

"मग तू जरा जास्तच वाचलंस. तुझ्या त्या राज्यात आपल्या लोकांना काय विचारतात ठाऊक आहे? लग्न लावायला गेलं की आजी कोण, पणजी कोण, पणजीची आई कोण! सांग त्यांना, चौलच्या किनाऱ्याला तेल गाळत होती."

"ते मिटेल हो."

"आणि इथलं कसं मिटेल? बडोद्यात आपले पुरुष किती? अकरा. मलिद्याला दहा लागतात. तू गेलास की राहिले दहा. त्यात एकाला ताप आला की नऊ. नवसाच्या ताटापुढे नऊ माणसं बसवू? एलियाहू हन्नबीला काय सांगू, एकजण बोटीने गेला?"

"एक कमी पडला तर तोच येऊन बसेल की."

एवढं ऐकलं मात्र, आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली. शालोमने ती उचलली, झटकली आणि परत त्यांच्या डोक्यावर ठेवली, कारण डोकं उघडं ठेवायचं नाही हे दोघांनाही मान्य होतं. पंधरा दिवसांनी शालोम गेला.

मलिदा म्हणजे भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा घालून केलेला गोड ढीग. तो ताटात रचायचा, भोवती पाच तऱ्हेची फळं मांडायची, आणि एलियाहू हन्नबीची आठवण करायची. हा जुन्या करारातला नबी. अग्नीच्या रथात बसून जिवंत आकाशात गेला, म्हणून त्याचं येणं-जाणं अजून चालू आहे अशी या लोकांची खात्री. तो कोकणातही येऊन गेला, खडकावर त्याच्या रथाच्या चाकोऱ्या आहेत, असं मिलकाबाईच्या आईने सांगितलं होतं. नवस फेडायचा तो त्याच्या नावाने. आणि आप्पांच्या घरची रीत अशी की मलिद्याच्या आधी आप्पांनी स्वतः रचलेलं मराठी कीर्तन व्हायचं. ते पुढे उभे राहून म्हणत, दहा पुरुष ध्रुवपद धरत, आणि बायका दाराआड बसून मलिद्यावर माश्या वारत.

माश्या वारता वारता मिलकाबाईला सगळं कीर्तन पाठ झालं. तिची शाळा चौथीपर्यंतची. पण कानातून आत गेलेलं तिच्या इथून कधी बाहेर पडलं नाही.

पुढची पन्नास-साठ वर्षं तशी पटकन गेली. दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी पेटी बांधी. अकराचे सात झाले, सातांचे चार. आप्पा गेले. नवरा बिन्यामीन गेला, त्याला अमदावादच्या कब्रस्तानात ठेवला. मुलगा रूबेन शालोमच्या वाटेने ज्यूंच्या त्या राज्यात गेला, समुद्राकाठी, अश्दोदला. तिथे त्याने वायरमनचं काम धरलं, लग्न केलं, त्याला नोआ झाली. जुन्या खोल्या पाडून तिथे चार मजली इमारत झाली, आणि तिसऱ्या मजल्यावर मिलकाबाई, तिचा शुक्रवारचा तेलाचा दिवा, आणि भिंतीवर एलियाहूची रंगीत तसबीर, एवढेच झिराडकर बडोद्यात उरले.

समोरच्या दारात विजयमालाबाई. त्यांचे आजोबा महाराजांच्या घोडदळात होते, त्यामुळे त्या तसबिरीकडे आल्या की घोड्यांकडेच बघत.

"मिलकाताई, तुमच्या देवाच्या घोड्यांचे लगाम चुकीचे काढलेत. असे धरले तर रथ पोलोच्या मैदानात उलटेल."

"देव नाही गं तो, नबी. देवाचा निरोप्या."

"निरोप्याला चार घोडे? आमच्या आजोबांना एक मिळायला सहा वर्षं लागली."

खालच्या मजल्यावर हमीदाबेन, शिवणकाम करणाऱ्या. मिलकाबाईची झंपरं तीस वर्षं त्याच शिवत आल्या. मापं घ्यायचं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. वर्षाला एक बोट सैल ठेवायचं, की झालं.

दोन वर्षांपूर्वी, सणाच्या शनिवारी, तिकडे लढाई पेटली. शनिवारी मिलकाबाई फोनला हात लावत नसे. विजयमालाबाईच धावत आल्या आणि त्यांनी टीव्हीवर काय चाललंय ते सांगितलं. नोआ परिचारिका, दवाखान्यात नोकरीला. तिचा पत्ता लागेना. विजयमालाबाईंनी लावून पाहिला, तर रूबेनचाही फोन लागेना. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला. मिलकाबाई तसबिरीसमोर उभी राहिली आणि बोलून गेली:

"एलियाहू हन्नबी, पोरगी सुखरूप असू दे. याच घरात, तुझ्यासमोर, दहा पुरुष बसवून, आप्पांचं कीर्तन लावून मलिदा करीन."

भ्यालेल्या माणसाने नवस बोलूच नये. तो फार सढळ हाताने बोलतो. नुसता मलिदा म्हणाली असती तर भागलं असतं. पण तिने घर घातलं, दहा घातले, कीर्तन घातलं. आणि तासाभरात नोआचाच फोन आला. तळघरात जखमींची ड्युटी होती, तिथे फोन चालत नव्हता. "आजी, मी बरी. तू रडते कशाला?" तिचं मराठी असंच, हातपाय मोडलेलं, पण चालतं-बोलतं.

नवस लागू झाला. आता फेडायचा कसा?

तिने बोटांवर मोजलं. बडोद्यात तिच्या ओळखीतले ज्यू पुरुष दोन. एक नव्वदीचा, बिछान्यात. दुसऱ्याचे गुडघे गेलेले, त्याच्यासाठी तिसरा मजला म्हणजे हिमालय. अमदावादला फोन केला, तर तिथल्या सिनेगॉगमध्येच दहा जमवताना नाकी नऊ येत होते. "बा, तुम्हीच इथे या," ते म्हणाले. पण नवसात घर होतं ना.

तशी ती लढाई काही थांबली नाही. संध्याकाळी हमीदाबेनच्या टीव्हीवर वेगळी लेकरं रडत, मिलकाबाईच्या फोनवर वेगळी. बाजारात लोक विचारत, "मासी, तमारा देशमां शुं चाले छे?" ती म्हणे, "माझ्या देशात कांदे चाळीस रुपये किलो झालेत." पण रात्री तिला झोप नसे. एकदा ब्लाउजची बाही लावता लावता हमीदाबेननी विचारलं, "मिलकाबेन, किसके लिए दुआ माँगते हो?" मिलकाबाई म्हणाली, "नोआसाठी मागायला बसते, पण तुमच्या टीव्हीतली पोरं मध्ये मध्ये येतात." हमीदाबेननी उठून टीव्ही बंद केला आणि चहा टाकला.

मग स्वप्नं सुरू झाली.

पहिल्यांदा समुद्र आला. बडोद्यात समुद्र कुठला? पण स्वप्नात तो लहेरीपुऱ्याच्या दरवाज्यातून आत शिरला आणि घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतून हळूहळू वर चढला, निळा, कोमट, कोकणातल्यासारखा. दुकानदार पायऱ्यांवर पाय सोडून बसले होते. पाण्यावर एक फुटकं गलबत डुलत होतं आणि त्यात सात बायका, सात पुरुष, ओलेचिंब. नवगावच्या किनाऱ्याला बोट फुटून आले ते आपले पहिले पूर्वज हेच, हे तिला स्वप्नातच कळलं. तिने मोजले. पुरुष सातच. "अजून तीन हवेत," ती म्हणाली, आणि जागी झाली.

दुसऱ्यांदा खुद्द रथ आला. फतेगंजच्या पुलावरून, भर वाहतुकीत. घोड्यांच्या आयाळीला ज्वाळा, पण जळत काही नव्हतं. नुसता सकाळच्या उन्हासारखा उजेड. चौकातल्या पोलिसाने हात केला आणि लायसन्स मागितलं. एलियाहू मिलकाबाईकडे बघत होता, लाजल्यासारखा. "बाई, मलिद्याचं काय झालं?" त्याने विचारलं. आवाज अगदी बिन्यामीनचा. ती म्हणाली, "माणसं जमत नाहीत." तो म्हणाला, "मी थांबतो." आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले.

हे स्वप्न तिला इतक्यांदा पडलं की शेवटी त्या पोलिसाचीही ओळख झाली.

रूबेनला तिने स्वप्न सांगितलं नाही, नवस सांगितला. तो वाटच बघत होता.

"आई, मग इथे ये. दहा काय, शंभर माणसं बसवतो. सगळे कोकणातलेच, कोणी पेणकर, कोणी रोहेकर. तिकीट काढतो."

"आणि घर? याच घरात म्हटलंय मी."

"घराचं सोड. दहा महत्त्वाचे."

"नवस काय भाजी आहे, देठ काढून घ्यायला?"

"आई, तू एक्क्याऐंशीची झालीस. डॉक्टर म्हणालाय हृदय थकलंय. इथे आलीस की परत जायचं नाही."

"तेच तर," मिलकाबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

तेच तर होतं. गेली तर दहा माणसं मिळणार होती, पण घर जाणार होतं. राहिली तर घर होतं, माणसं नव्हती. आणि हृदय थकलंय हे डॉक्टरने सांगायची गरज नव्हती, तिसऱ्या मजल्याचा जिना रोज सांगत होता. नवस डोक्यावर ठेवून मरायचं या विचाराने तिच्या तोंडचं पाणी पळे. विजयमालाबाईंनी सुचवलं, "आमच्या नातवाचे, यशराजचे मित्र आहेत, दहा काय वीस आणते. टोप्या घालतील." ती हसली. "पोरं गुणाची आहेत गं, पण हा हिशेब आमच्यातल्याच पुरुषांचा. मी स्वतः बसले तरी मला धरत नाहीत."

तोड काढली नोआने.

"आजी, दहा लोक इथे बसतात, सिनेगॉगमध्ये. तू तिथे मलिदा करते. फोनवर बघतो सगळे."

"फोनवर कुठे नवस फिटतो का?"

बापलेकींनी तिथल्या हजानला विचारलं. हजान म्हणजे प्रार्थना चालवणारा, तोही पेणकडचाच. तो म्हणाला, दहा पुरुष एका छपराखाली हवेत, त्याला फाटा नाही. पण अकरावा माणूस लांबून ऐकत असेल तर त्याने आमेन म्हणायला हरकत नाही. मात्र एक अडचण होती. कीर्तन. जुनी माणसं गेली. आप्पांचं कीर्तन तिथे एकालाही येत नव्हतं. कोण म्हणणार?

रूबेनने हे फोनवर आईला सांगितलं.

"मला येतं," मिलकाबाई म्हणाली.

साठ वर्षांत हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

सोमवारी दुपारी तिने घडियाळी पोळीतून पोहे आणले, खंडेराव मार्केटमधून नारळ आणि फळं. मंगळवारी सकाळी मलिदा कालवला. साडेअकरा वाजता, म्हणजे तिथले आठ, विजयमालाबाईंनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. तसबिरीसमोर ताट, ताटापुढे मिलकाबाई, धुवट पांढऱ्या साडीत, डोक्यावर पदर. हमीदाबेन दाराशी स्टुलावर बसल्या.

फोनमध्ये अश्दोदची खोली. पुरुष ओळीने बसलेले, काही तिच्याकडे बघताहेत, काही छताकडे. तिने मोजले. परत मोजले.

"रूबेन, नऊ आहेत."

"दावीदकाका येणार होते. त्यांना चक्कर आली."

इकडे विजयमालाबाईंनी कपाळावर हात मारला. मिलकाबाईने तसबिरीकडे पाहिलं. जसं उशिरा येणाऱ्या पाहुण्याच्या वाटेकडे बघतात. रूबेन रस्त्यावर धावला. पाच मिनिटांनी एका माणसाला दंडाला धरून घेऊन आला. माणूस उंच, काळासावळा, बसचालकाच्या गणवेशात. आईबाप आफ्रिकेतून, हबशांच्या मुलखातून आलेले ज्यू. बस त्याची दारातच उभी होती. त्याला ना मराठी येत होतं, ना मलिदा माहीत होता. पण दहा कमी पडताहेत म्हटल्यावर तो काही न विचारता आत आला होता. त्याने टोपी नीट केली आणि बसला.

मिलकाबाईने डोळे मिटले. पहिली ओळ खरखरत आली, आणि मग कुठूनतरी सगळं सुटलं.

"ये रे एलियाहू, उंबऱ्याशी दिवा,
थकल्या जिवाला तुझाच विसावा..."

ती म्हणत होती तेव्हा खोली तिला हलकी वाटू लागली, पाण्यावर ठेवल्यासारखी. भिंतीपलीकडे लाटा ऐकू येत होत्या. अश्दोदच्या की चौलच्या, सांगता येईना. आप्पा पुढे उभे होते, आणि आपण दाराआड नाही, त्यांच्या शेजारी आहोत, हे तिला जराही नवल वाटलं नाही. तिकडच्या म्हाताऱ्यांना ध्रुवपद आठवलं. एकाने ओठ हलवले, मग दुसऱ्याने. एकजण चक्क रडायला लागला. आजी अशीच म्हणायची, म्हणाला.

बसचालक नोआच्या कानाशी काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?" मिलकाबाईने मध्येच डोळा उघडून विचारलं.

"विचारतो, अजून किती लांब आहे."

"सांग त्याला, कीर्तन आहे हे, बस नाही. उतरवीन तेव्हा उतर."

नोआने ते त्याच्या भाषेत सांगितलं. तो मोठ्याने हसला आणि बसून राहिला. बाहेर त्याच्या बसमधली माणसंही उतरून दाराशी येऊन उभी राहिली, म्हणे. शेवटी हजानने आशीर्वाद म्हटला, दहांनी आमेन म्हटलं, आणि अकरावं आमेन फतेगंजातून गेलं. बारावं आणि तेरावंही गेलं. विजयमालाबाई आणि हमीदाबेन दोघींना ते आपलंच वाटलं.

सगळे पांगल्यावर रूबेन एकटा फोनसमोर उरला. "आई, तिकिटाचं?"

"राहू दे. नवस फिटला, आता माझं तिथे काही अडलेलं नाही."

"घर तरी कुठे फिटलं? माणसं तर इथे बसली."

"ते मी त्याच्याशी बोलले. आपल्यात जिथे मुलाची सुंता होते तिथे तो खुर्चीवर येऊन बसतो, एका दिवसात शंभर ठिकाणी. त्याला फतेगंज आणि अश्दोद ही एकाच घराची पुढची आणि मागची खोली."

"आणि माझं काय? मी इथून काय करू?" रूबेनचा आवाज बारीक झाला. साठीला आलेला माणूस, पण तो एकदम लहान दिसला. "तू तिथेच गेलीस, तर कद्दीश, मेलेल्या माणसामागची प्रार्थना, कोण म्हणणार? मातीला कोण येणार?"

"मातीला विजयमाला अमदावादपर्यंत येईल. तोंडाळ आहे, पण येईल. कद्दीश तू म्हण. तुझा आवाज इथे येतो, हे आत्ता कळलंच की." पदर सारखा करत ती म्हणाली, "तू गेलास याचा राग नाही रे माझा. तुझी जागा तिथे झाली. माझी इथे होऊन गेली. तुझा आजोबा टोपी आपटत बसला असता. मी नाही आपटत. जा, बस अडवलीय तू लोकांची."

तो हसला आणि रडला, आणि फोन बंद झाला.

पुढच्या आठवड्यात मिलकाबाई झोपेतच गेली. पण त्या मंगळवारी ते कोणाला ठाऊक नव्हतं, आणि मलिदा वाटायचा राहिला होता. वाटायचं काम सासूच्या काळापासून तिचंच. तिने स्टीलचे डबे भरले, वर केळ्याचा तुकडा आणि खजूर ठेवला. विजयमालाबाईंना तिथेच दिला. त्यांनी चपला काढून हात पुढे केला. एक डबा हमीदाबेनला. मग रिक्षा करून ती घडियाळी पोळीत गेली, पोहेवाल्या विश्रामभाईंच्या दुकानी, कारण ज्याच्या दुकानातले पोहे त्याच्या घरी पहिल्या दिवशीच मलिदा गेला पाहिजे, ही सासूची शिकवण.

"आवो बा! घणां वरसे मलीदो लाव्यां!"

"पोहे तुझे जाड होते. तीनदा भिजवले."

"बा, ए तो पातळाज हता."

"मग पाणी जाड असेल. घे, खा. इथेच खा, डबा मला परत हवा."

विश्रामभाईंनी उभ्या उभ्या खाल्ला, बोटं चाटली, अर्धा मुलांसाठी कागदावर काढून ठेवला. तिने त्यांच्याकडून पाणी मागून डबा विसळला, पुसून पिशवीत टाकला, आणि नाक्यावर येऊन रिक्षावाल्याशी फतेगंजच्या भाड्यावरून हुज्जत घालायला उभी राहिली.